आदल्या दिवशी छापलेली रजा

सबंध लढाईत मी एकही गोळी झाडली नाही, तरी माझ्यामुळे एक अख्खी दुपार दोन्ही बाजूंच्या तोफा गप्प बसल्या होत्या. हे सांगायला लागलो की नातवंडं एकमेकांना कोपरानं ढोसतात आणि आतून बायको म्हणते, "गेल्या वर्षी अर्धीच दुपार होती." तिचं गणित पहिल्यापासून कच्चं. अख्खी होती.

तेव्हा मी मेजर होतो आणि सैन्याच्या पत्रकारांची एक तुकडी माझ्या हाताखाली होती. कागदोपत्री तुकडीत अकरा माणसं होती. त्यातली आठ वाटेत कुठे गळली ते आजतागायत कळलेलं नाही. आघाडीवर पोचलो ते आम्ही तिघं. एक मी. दुसरी ताई. हुद्द्यानं हवालदार, बोटं टंकलेखन यंत्रावर अशी चालायची की पलीकडच्या तीरावरचे लोक मशीनगन समजून खाली वाकत. तिसरा फोटोग्राफर, एकडोळ्या. डोळे त्याला दोन्ही होते, पण कॅमेऱ्याच्या सवयीनं डावा कायम मिटलेला. जेवताना मिटलेला, झोपेत मात्र उघडा.

आमचा मुक्काम एका ओस पडलेल्या शाळेत, पहिलीच्या वर्गात. बाकं सहा वर्षांच्या पोरांच्या मापाची, त्यामुळे लिहायला बसलो की गुडघे कानाला लागायचे. खिडकीतून नदी दिसायची, नदीवरचा मधेच तुटलेला पूल दिसायचा आणि पलीकडच्या काठावर शत्रूचा भलामोठा कर्णा दिसायचा. रोज दुपारी चार वाजता त्या कर्ण्यातून एक घोगरा आवाज आम्हाला शरण यायला सांगायचा. आमच्याही छपरावर एक कर्णा होता. त्यातून ताई त्यांना शरण यायला सांगायची. दोघांचंही कुणी ऐकत नव्हतं, पण वेळ कधी चुकली नाही.

आम्ही 'खंदकवार्ता' काढायचो. एकच कागद, दोन्ही बाजूंनी छापलेला. रोज सकाळी साडेआठच्या पावाच्या गाडीतून तो आघाडीवर जायचा. शिपाई आधी वाचायचे, मग त्यातच पाव गुंडाळायचे. उरलेल्या प्रती वाऱ्यानं उडून पलीकडे जायच्या. एकदा आम्ही शब्दकोड्याचं उत्तर छापायला विसरलो, तर चारच्या कर्ण्यातून शरण या म्हणायच्या आधी घोगऱ्यानं आडवे शब्द सगळे सांगून टाकले. उभे त्यालाही आले नव्हते.

अंकावर शिक्का मारायला एक कॅप्टन होता. त्याला सगळे कात्री म्हणत. कानावर निळी पेन्सिल, इस्त्रीची घडी अशी की तिच्यावर कांदा चिरावा. नाव, गाव आणि आकडा, या तीन गोष्टी दिसल्या की तो खोडायचा, कारण शत्रू वाचतो. त्यामुळे आमच्या बातम्या अशा असायच्या: 'एका ठिकाणी काही जवानांनी बरंच काही केलं.' आणि इतकं खोडूनही अंकाच्या डोक्यावर मोठ्या अक्षरांत ओळ होतीच: 'यातला शब्दन् शब्द तपासून छापला आहे.' तिच्याखाली आघाडीच्या मोठ्या साहेबांची सही. पहिल्या अंकाला त्यांनीच हौसेनं दिली होती.

आता आमची कामाची रीत सांगतो, कारण घोळ तिथंच झाला. छपाईयंत्राला वीज पहाटे पाच ते आठ. आठनंतर जनरेटर इस्पितळाच्या तंबूकडे. म्हणजे दुपारी बारा वाजता काही घडलं, तर ते छापणार दुसऱ्या दिवशी पहाटे आणि तोवर शिपायांना ते तोंडपाठ. म्हणून ठरलेला कार्यक्रम आम्ही आधीच घडवून टाकायचो. घडण्याच्या दिवशी पहाटेच दुसऱ्या दिवसाचा अंक छापून गठ्ठा बाजूला ठेवायचा. कार्यक्रम खरंच पार पडला की गठ्ठा रवाना. नाही पडला तर आचाऱ्याच्या चुलीत. आजच्या गठ्ठ्याला हिरवी दोरी, उद्याच्याला पांढरी. पाववाले हिरवी दोरी बघून उचलायचे. दोन वर्षं एकही चूक नाही, एकही शुद्धिपत्र नाही. माझी छाती त्या वेळी दोन बोटं जास्त भरायची.

आणखी एक नियम: अंकात कोरी जागा सोडायची नाही. एकदा खाली चार बोटं कोरी राहिली होती. तिथं कात्रीनं काहीतरी भयंकर खोडलंय, अशी संध्याकाळपर्यंत आघाडीभर बोंब झाली आणि आपण लढाई हरलो म्हणून तिघांनी घरी निरोपाची पत्रंसुद्धा लिहिली.

तर एका गुरुवारी बारा वाजता मोठे साहेब पाहणीला येणार होते. साहेब दरवेळी तेच करायचे: खंदकात उतरायचे, दोघाचौघांना हात द्यायचे, निघायचे. हे दोन ओळींत संपलं आणि खाली चार बोटं उरली.

"साहेब पाण्याच्या टाकीवर चढले असं घालू," एकडोळ्या म्हणाला. "मला तो फोटो दोन वर्षं हवाय."

"ते चढतील?"

"छापलंय म्हटल्यावर विनंती करता येते."

मग मीही एक ओळ घातली की साहेबांनी मसुराचं सूप दोनदा मागून घेतलं. आचारी मला गुपचूप जादा लोणी द्यायचा, त्याची परतफेड. तरी एक बोट उरलंच.

त्या वेळी यंत्राच्या पोटात डोकं घालून वंगण बसला होता. तो वर्कशॉपचा मेकॅनिक. गाड्यांपासून आमच्या यंत्रापर्यंत सगळं त्याच्याकडे, आणि कोपरापर्यंत इतका काळा की हातमोजे घातलेत असं वाटायचं. यंत्राच्या आतूनच तो ताईला सांगत होता, "आठ महिन्यांची झाली. बायकोनं लिहिलंय, रांगताना गिअर न टाकता मागं जाते. मी अजून बघितली नाही तिला. तीन दिवसांची असतानाचा फोटो आहे, त्यात ती नुसती बटाट्यासारखी दिसते."

सगळ्यांच्या रजा दहा महिने बंद होत्या. हुकूम साहेबांच्याही वरून आलेला.

ताईनं शेवटची ओळ टाइप केली: 'याच भेटीत मोठ्या साहेबांनी यंत्रं सांभाळणाऱ्या एका मेकॅनिकला मुलीला भेटण्यासाठी रजा मंजूर केली.'

"ताई," मी म्हणालो.

"उद्या बाराला साहेबांकडे मागू. नाही दिली तर गठ्ठा चुलीत. चुलीला काय, रजा असो नसो, कागद जळतो."

मी हसलो आणि सही केली. कात्रीनं नाव नाही, गाव नाही, आकडा नाही असं बघून शिक्का मारला.

गुरुवारी पहाटे अंक छापून झाले. पांढरी दोरी शोधतो तर नाही. वंगणनं त्या दोरीनं यंत्राचा पाय खिडकीच्या गजाला बांधला होता, कारण यंत्र छापता छापता दाराकडे चालत जायचं. मी म्हटलं, काही हरकत नाही, आपण समोरच बसलोय. दोन्ही गठ्ठ्यांना हिरवी दोरी बांधली आणि दाढी करायला गेलो. अर्ध्या गालावर साबण असताना गाडी सुटल्याचा आवाज आला. बाहेर येऊन बघतो तर बाकावर आजचा गठ्ठा तसाच आणि उद्याचा गेलेला.

तारखेवरून कुणाला कळेल म्हणाल, तर आघाडीवर वार कुठला हेच कुणाला ठाऊक नसतं. साडेनऊपर्यंत खंदकाखंदकात बातमी झाली की मोठे साहेब येऊन गेले. गंमत म्हणजे कुणालाच नवल वाटलं नाही. ज्यांना ते दिसले नव्हते ते म्हणाले, आपली झोप लागली असेल. काही जणांनी तर त्यांना बघितलंही होतं.

कात्री धावत आला. इस्त्री मोडलेला कात्री मी पहिल्यांदाच पाहत होतो. "मेजर, हे काय?"

"शिक्का तुमचाच आहे."

"मी नाव, गाव, आकडा तपासतो. खरं-खोटं माझ्याकडे येत नाही."

"मग कुणाकडे येतं?"

"तुमच्याकडे असावं," तो हळूच म्हणाला.

आम्ही एकमेकांकडे बघत असतानाच दारात वंगण उभा राहिला. हातात पत्र्याची पेटी. आणि हात पांढरेफटक. मी आधी ओळखलंच नाही.

"साहेब, दारूगोळ्याची रिकामी गाडी चारला स्टेशनकडे परत जाते ना? तिच्यातच बसू?"

"हात धुतलेस?" माझ्या तोंडून एवढंच निघालं.

"रॉकेलनं धुतले. मग साबणानं. मग परत रॉकेलनं, साबण निघेना म्हणून. पोरीनं पहिल्याच भेटीत नाक मुरडायला नको." त्यानं अंकाची घडी खिशातून काढून पुन्हा आत ठेवली. "वर्कशॉपमधल्या सगळ्यांनी वाचून दाखवलं. मी म्हटलं थट्टा करताय. पण वर लिहिलंय ना, शब्दन् शब्द तपासलाय."

ताईनं माझ्याकडे बघितलं. एकडोळ्यानं दुसराही डोळा मिटला. शिपाई तोफेला भितो म्हणतात. मी त्या दिवशी त्या धुतलेल्या हातांना भ्यालो.

"चारला बघू," मी म्हणालो. "बस तोवर."

तो पहिलीच्या बाकावर पेटी मांडीवर घेऊन बसला आणि काही बिघडू नये म्हणून हात वर धरून ठेवले.

अकरा चाळीसला मोठ्या साहेबांची जीप आली. साहेब अंगानं भारी, मिशीनं त्याहून भारी. वाटेतल्या चौकीवर त्यांना पाव आणि पावाबरोबर अंक मिळाला होता. ते सरळ वर्गात आले, फळ्यासमोर उभे राहिले आणि म्हणाले, "मेजर, जरा सांगा. आज दुपारी मी काय काय केलं?"

"साहेब, चूक माझी. पांढरी दोरी..."

"दोरीचं मागाहून. ही सही कुणाची?"

"आपली."

"तिच्यावर काय लिहिलंय?"

"शब्दन् शब्द तपासून छापला आहे."

"म्हणजे खोटा कोण पडतो?"

कात्रीनं पेन्सिल कानावरून काढून खिशात घातली. माझी तुकडी बरखास्त होऊन मी गोदामात चादरी मोजतोय, हे चित्र मला फळ्यावर स्पष्ट दिसत होतं.

साहेबांनी घड्याळ बघितलं. "बाराला दहा कमी आहेत. अजून काही खोटं झालेलं नाही. चला."

तुम्हाला सांगतो, एवढ्या लगबगीनं बातमीच्या मागे धावणारा सेनापती मी दुसरा पाहिला नाही. ठीक बाराला साहेब खंदकात उतरले. पहिला शिपाई चमकला. "साहेब, पुन्हा आलात?"

"हो. मघाशी तू दिसला नाहीस."

शेजारचा म्हणाला, "मी होतो की. साहेबांनी माझ्या गुडघ्याची चौकशीसुद्धा केली."

साहेबांनी त्याच्याकडे क्षणभर बघितलं. "मग कसा आहे आता?"

"तुम्ही विचारल्यापासून बराच बरा आहे."

मग टाकी. शिडीच्या पायऱ्या साठ. साहेब चढायला लागले तसा एकडोळ्या कॅमेरा सरसावून खाली उताणा पडला. टाकीचा माथा पलीकडून अगदी स्वच्छ दिसतो, हे अर्ध्या शिडीवर गेल्यावर सगळ्यांच्या लक्षात आलं. तेवढ्यात पलीकडचा कर्णा खरखरला. चार वाजले नव्हते, तरी.

"टाकीवरच्या साहेबांना सूचना," घोगरा म्हणाला. "वरून तिसरी पायरी मोडकी आहे. आमच्या हातातल्या अंकात तुम्ही सुखरूप उतरलात असं छापलंय. उगाच तुमचा पेपर खोटा पडायला नको, उद्यापासून वाचायचं काय?"

साहेबांनी वरून टोपी काढून त्याला मान दिला आणि दुसऱ्या पायरीवरून एकदम चौथ्या पायरीवर उतरले. यावर विश्वास बसत नसेल तर एकडोळ्याकडे फोटो आहे. म्हणजे होता. साहेब हलले त्यामुळे त्यात फक्त मिशी आली.

सुपाचं काय सांगू. आमच्या आचाऱ्याच्या सुपात चमचा उभा केला तर आठवडाभर उभा राहायचा. तुटलेला पूल त्यानंच सांधायचा, असा इंजिनिअर लोकांचा गंभीर विचार चालू होता. साहेबांनी पहिला वाडगा संपवला, अंकात डोकावले, उसासा टाकला आणि म्हणाले, "आचारी, अजून एक." आचारी तोंडावर फडकं धरून रडायला लागला. लढाईत त्याला पहिल्यांदाच कुणी हे म्हटलं होतं.

शाळेत परत आलो तेव्हा साडेतीन वाजून गेले होते. साहेबांनी अंकाच्या शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. वंगण बाकावरून उठला. हात अजून वरच.

"हाच तो?"

"होय साहेब," ताई म्हणाली. "ती ओळ माझी आहे. त्याला काही माहीत नव्हतं."

वंगणनं तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. सगळं त्याच्या ध्यानात आलं. हात हळूहळू खाली आले आणि त्यानं ते पँटच्या खिशात घातले.

"शिडी चढलो, सूप प्यालो," साहेब म्हणाले, "पण ही एवढी गोष्ट माझ्या हातात नाही रे. रजा वरून बंद आहे. माझीसुद्धा."

"राहू द्या साहेब," वंगण म्हणाला. "निदान हात तरी स्वच्छ झाले."

दोन वर्षं मी लोकांच्या बातम्या आधी लिहीत होतो. त्या क्षणी वाटलं, पुढची ओळ सुचली नाही तर लेखणी नदीत टाकावी. मी फळ्याकडे बघितलं, मग माझ्या तुकडीकडे. कागदोपत्री अकरा, प्रत्यक्षात तीन.

"साहेब," मी म्हणालो, "रजा बंद आहे. कामगिरी बंद आहे का?"

"म्हणजे?"

"माझ्या तुकडीत आठ माणसं कमी आहेत. वंगण आजपासून 'खंदकवार्ता'चा खास वार्ताहर. जवानांची कुटुंबं कशी आहेत याचा प्रत्यक्ष वृत्तांत आणायला मी त्याला पाठवतोय. घराची माहिती असलेला माणूस पाठवलेला बरा, म्हणून त्याच्याच घरी."

साहेबांच्या मिशीवर सुपाचा थेंब होता. तो हलला. "आणि अंकात तर रजा छापलीय."

हे बोलायला मला जड गेलं. "शुद्धिपत्र काढतो. पहिलंच. 'रजा' ऐवजी 'कामगिरी' वाचावे, संपादकाची चूक."

"संपादकाची?"

"दोरी माझ्याच हातची होती, साहेब."

"वृत्तांत आला पाहिजे," साहेब म्हणाले. "तपासून. पंधरा दिवसांत."

"साहेब, मला लिहिता येत नाही," वंगण घाबरून म्हणाला.

"गाडी दुरुस्त केलीस की नोंदवहीत काय लिहितोस?" मी विचारलं.

"काय बिघडलं, काय केलं, आता कशी चालते."

"तेच लिही."

साहेबांनी हुकमावर सही केली. चारच्या गाडीला चार मिनिटं असताना वंगण पळाला. पेटी विसरला, परत आला, पेटी घेतली आणि हात धुवायला आणखी थोडं रॉकेल मिळेल का म्हणून विचारलं. ताईनं त्याला ढकलतच बाहेर काढलं.

सोळाव्या दिवशी तो हजर झाला. एक दिवस उशीर का, तर म्हणाला, "निघताना रडली. बंद होईपर्यंत थांबलो." वृत्तांत वर्कशॉपच्या छापील नोंदवहीच्या पानावर होता. जसाच्या तसा मला पाठ आहे.

'वाहन: मुलगी. वय: आठ महिने बावीस दिवस. स्थिती: उत्तम. आवाज: जास्त, सुरुवातीला मला बघून आणखी जास्त, तिसऱ्या दिवसापासून नेमका. गळती: आहे, बायको म्हणते चालायचंच. रिव्हर्स गिअर: आपोआप पडतो. पुढचा गिअर: मी असताना पडला, पाच पावलं रांगली, माझ्याकडे. दात: चार. बिघाड: काही नाही. काय केलं: मांडीवर घेतली. आता कशी चालते: हसते.'

ताईनं तो टाइप करताना यंत्र एकदाही मशीनगनसारखं वाजलं नाही. कात्री आला, पेन्सिल काढली आणि आकडे खोडायला बसला. महिने गेले, दिवस गेले, पाच पावलं गेली. चारवर येऊन बराच वेळ थांबला. मग तेही खोडलं. नियम म्हणजे नियम. अंकात छापून आलं, 'दात: आहेत.'

सकाळी पाव गेले, दहा वाजता वारा सुटला, प्रती पलीकडे उडाल्या. दुपारी बरोबर चार वाजता कर्णा खरखरला. आम्ही शरण यायच्या हुकमाची वाट बघत बसलो.

"पलीकडचे," घोगरा म्हणाला, "किती दात?"

खंदकातून माणसं वळून शाळेच्या छपराकडे बघायला लागली. ताईनं माइक हातात घेतला आणि माझ्याकडे बघितलं. मी कात्रीकडे बघितलं. आकडा होता. शत्रू ऐकत होता.

कात्री उठला. इस्त्री सारखी केली, ताईच्या हातातून माइक घेतला आणि घसा साफ केला.

"चार," तो म्हणाला. "दोन खाली, दोन वर."

पलीकडे घोगरा बाजूच्या कुणाला तरी म्हणाला, "चार म्हणतोय," आणि कर्णा बंद करायला विसरला. पुढे तासभर आम्हाला त्यांच्याकडची माणसं आपापल्या पोरांना कितव्या महिन्यात किती दात आले यावरून भांडताना ऐकू येत होती. आमच्याकडेही तेच चाललं होतं. तोफेजवळ कोण बसणार.

"अर्धी दुपार," आतून बायको म्हणतेय.

भांडण अंधार पडेपर्यंत मिटलं नव्हतं, आता बोला.